सात आडव्या रेघा

कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या बोधचिन्हात एका वर्तुळात सात आडव्या रेघा आहेत. त्यांच्यामधून एक उभी रेघ जाते आणि तळाशी, त्या उभ्या रेघेच्या डाव्या अंगाला, शंकरपाळ्यासारखा एक छोटा आकार आहे. हा आलेख खऱ्या आकड्यांवरून काढलेला आहे. प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक वैद्यकीय चाचणी, आणि साती चाचण्यांचा प्रश्न एकच: दिवस भरण्याआधीच प्रसूतीची चिन्हं दिसू लागली, तर आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिल्यानं बाळ वाचतं का? रेघ जितकी लांब, तितकं त्या चाचणीचं उत्तर अनिश्चित. उभी रेघ म्हणजे ‘काहीच फरक नाही’. सातांतल्या बहुतेक रेघा या उभ्या रेघेला शिवतात; म्हणजे त्यांतली एकेक चाचणी सुटी वाचली तर ‘नक्की सांगता येत नाही’ एवढंच हाती लागतं. पण सातही चाचण्यांचे आकडे नीट एकत्र केले की जे उत्तर येतं, ते म्हणजे तळाचा तो शंकरपाळा. तो उभ्या रेघेपासून स्पष्ट वेगळा आहे. बाळ दगावण्याची शक्यता या स्वस्त इंजेक्शनानं ३० ते ५० टक्क्यांनी कमी होते, असं तो सांगतो.

यातली पहिली चाचणी न्यूझीलंडमधल्या ऑकलंडची. ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर प्रसूतीच्या कळांचा अभ्यास करत होते. स्टेरॉइड दिल्यानंतर फार लवकर जन्मलेली कोकरं खरं तर श्वास घेऊ शकायला नको होती. पण ती अपेक्षेपेक्षा जास्त काळ जगली, आणि त्यांची फुप्फुसं थोडीफार फुगलेली आढळली. त्यावरून लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी मातांवर चाचणी केली आणि २८२ मातांचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. पुढच्या काही वर्षांत इतरांनीही तोच प्रश्न तपासला. १९८१ साली कोणी तोवरच्या चाचण्या गोळा करून एकत्र मांडल्या असत्या, तर त्या सात रेघा आणि तो शंकरपाळा तेव्हाच दिसला असता. तसा आढावा प्रसिद्ध व्हायला १९८९ साल उजाडलं. १९९१ पर्यंत आणखी सात चाचण्या झाल्या होत्या, आणि बहुसंख्य प्रसूतितज्ज्ञांना या उपचाराचं मोल अजून कळलेलं नव्हतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं तज्ज्ञांची परिषद बोलावून हा उपचार सर्रास द्यावा असं सांगितलं ते १९९४ साली. पहिल्या अहवालापासून बावीस वर्षांनी.

या बावीस वर्षांत संशोधन कमी पडलं नव्हतं. उत्तर छापील कागदावर होतं, ग्रंथालयांच्या फडताळांत होतं. ते वेगवेगळ्या नियतकालिकांत विखुरलेलं होतं आणि एका जागी आणायचं काम कोणाचंच नव्हतं. या प्रकरणातलं माझं म्हणणं इथूनच निघतं. पुराव्यावर आधारित वैद्यक म्हणजे संशोधन वाचून उपचार करणं, असं आपण सहज म्हणून जातो. पण वाचण्याआधी शोधणं येतं, आणि कसं शोधलं यावर आपल्याला काय खरं वाटणार हे बरंचसं ठरून जातं. म्हणून डॉक्टरनं पहिल्यांदा शोधायचा तो एखादा गाजलेला शोधनिबंध नव्हे. त्या प्रश्नावर कोणी आधीच प्रामाणिकपणे सगळं शोधून ठेवलं आहे का, हे पाहायचं. आणि तसं सापडलं, तर त्यात सर्वांत आधी वाचायचा तो निष्कर्षाच्याही आधी शोधाचा तपशील.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि ती बरोबरच ठरते. कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजलेला असतो. वैद्यकीय चाचण्या एका पातेल्यात शिजत नाहीत. एक चाचणी शहरातल्या मोठ्या रुग्णालयात होते, दुसरी खेड्यात. एकीत तरुण रुग्ण असतात, दुसरीत वृद्ध. आणि दोन्हींत योगायोगाचा हात असतोच. शंभर रुग्णांच्या चाचणीत चार मृत्यू इकडचे तिकडे झाले की निष्कर्ष उलटू शकतो. तेव्हा एक शीत चाचपून भागत नाही. कुठली शितं चाचपायची हेही आधी ठरवावं लागतं, नाहीतर माणूस आपल्याला हवी तीच उचलतो. डॉक्टर मंडळी ज्याला ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ म्हणतात तो पद्धतशीर आढावा म्हणजे ही निवड उघड्यावर आणणं: प्रश्न आधी नेमका लिहायचा, कोणत्या चाचण्या घेणार आणि कोणत्या नाही याचे नियम उत्तर दिसण्याआधी जाहीर करायचे, कुठे आणि कोणत्या शब्दांनी शोधलं ते लिहून ठेवायचं, प्रत्येक चाचणीतले दोष तपासायचे, आणि जमत असेल तरच आकडे एकत्र करायचे. हे शेवटचं आकडेकाम म्हणजे मेटा-अ‍ॅनालिसिस. लोक दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरतात, पण आकडेमोडीविना पद्धतशीर आढावा होऊ शकतो. आणि पद्धतशीर शोधाविना केलेली आकडेमोड चुकीच्या उत्तराला दशांश चिन्हाचा रुबाब देते.

पूर्वी आढावे नव्हते असं नाही. नामवंत प्राध्यापक आपल्या विषयावर आढावा-लेख लिहीत आणि ते आदरानं वाचले जात. सिंथिया मलरो यांनी १९८५-८६ या काळात चार प्रमुख नियतकालिकांत आलेले असे ५० लेख आठ साध्या निकषांवर तपासले. आठही निकष पाळणारा त्यांत एकही निघाला नाही. माहिती कुठून आणि कशी शोधली, हे सांगायची रीतच नव्हती. परिणाम काय होतो ते हृदयविकाराच्या झटक्यावरच्या स्ट्रेप्टोकायनेज या औषधानं दाखवून दिलं. १९५९ ते १९८८ या काळात त्यावर ३३ चाचण्या झाल्या. १९९२ साली संशोधकांनी त्या कालक्रमानं एकेक करून मिळवत नेल्या, तेव्हा दिसलं की १९७३ सालीच, पहिल्या आठ चाचण्या आणि २,४३२ रुग्णांनंतर, औषधानं मृत्यू कमी होतात हे स्पष्ट झालं होतं. पुढच्या २५ चाचण्यांत आणखी ३४,५४२ रुग्ण सहभागी झाले आणि उत्तर जवळजवळ तेच राहिलं. त्या रुग्णांतल्या सुमारे अर्ध्यांना औषध न देता तुलनेच्या गटात ठेवलेलं होतं. आधी शोधायचं राहून गेलं की त्याची किंमत अशी माणसांनी मोजावी लागते.

ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रेन यांनी १९७९ साली आपल्याच व्यवसायावर हा ठपका ठेवला की प्रत्येक शाखेतल्या सगळ्या यादृच्छिक चाचण्यांचे, वेळोवेळी सुधारत नेलेले, चिकित्सक सारांश आपण तयार केलेले नाहीत. यादृच्छिक म्हणजे कोणत्या रुग्णाला कोणता उपचार मिळणार हे नाणेफेकीसारख्या योगायोगावर सोडलेली चाचणी. सर्वांत मागे असलेली शाखा म्हणून त्यांनी प्रसूतिशास्त्राकडे बोट दाखवलं होतं. या शाखेनं तो ठपका मनावर घेतला. ऑक्सफर्डमध्ये इयन चाल्मर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भारपण आणि बाळंतपणावरच्या चाचण्या वर्षानुवर्षं गोळा केल्या, १९८९ साली त्यांचे दोन जाडजूड खंड निघाले, आणि १९९३ साली कॉक्रेन यांच्या नावाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. त्या सात रेघा तिच्या बोधचिन्हात का आल्या, ते आता सांगायला नको.

आता प्रत्यक्ष शोधाकडे येऊ. बहुतेक शोध फसतात ते संगणकासमोर बसण्याआधीच, कारण प्रश्न सैल असतो. ‘अपुऱ्या दिवसांच्या बाळाला स्टेरॉइड चालतं का?’ हा सैल प्रश्न. यात स्टेरॉइड आईला की बाळाला, जन्माआधी की नंतर, ‘चालतं’ म्हणजे काय होतं, कशाहून बरं, यातलं काहीच नाही. नेमका प्रश्न चार गोष्टी सांगतो: रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी, आणि कोणता परिणाम मोजायचा. ‘चौतिसाव्या आठवड्याआधी प्रसूतीची शक्यता असलेल्या मातेला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं, तर न देण्याच्या तुलनेत नवजात बाळाचे मृत्यू कमी होतात का?’ असा प्रश्न लिहिला की निम्मा शोध झाला, कारण शोधाचे शब्द त्यातच असतात. ते शब्दही एकेरी ठेवून चालत नाहीत. कोणी औषधाचं नाव लिहितं, कोणी गटाचं. कोणी ‘अँटीनेटल’ म्हणतं, कोणी ‘प्रीनेटल’. एकाच कल्पनेचे पर्यायी शब्द ‘किंवा’नं जोडायचे आणि वेगवेगळ्या कल्पना ‘आणि’नं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची मोफत सूची ‘पबमेड’ बहुतेक लेखांना ठरावीक विषयशीर्षकं देते. आपले शब्द आणि ती शीर्षकं, दोन्ही वापरली तर निसटणारं कमी निसटतं. तरीही निसटतंच. १९९४ साली के डिकर्सिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पबमेडमागची मेडलाइन ही सूची शोधून अस्तित्वात असलेल्या चाचण्यांपैकी सरासरी निम्म्याच हाती लागत होत्या. म्हणूनच कॉक्रेनच्या स्वयंसेवकांनी जुन्या नियतकालिकांचे अंक पानोपान हातानं उलटून चाचण्यांची स्वतंत्र नोंदवही उभी केली.

एकट्या डॉक्टरनं हे सगळं करायचं नसतं. ज्यांनी ते केलं आहे त्यांच्यापर्यंत पोचायचं असतं. पहिला थांबा कॉक्रेन लायब्ररी. तिथले आढावे ठरलेल्या शिस्तीत होतात, नवी माहिती आली की सुधारले जातात, आणि प्रत्येकाबरोबर सामान्य वाचकासाठी साध्या भाषेतला सारांश असतो. २००७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं संपूर्ण देशासाठी तिचं शुल्क भरलं आणि इंटरनेट असलेल्या कोणाही भारतीयाला पूर्ण आढावे विनामूल्य खुले झाले. या सोयीचा जितका गाजावाजा व्हायला हवा होता तितका झाला नाही, याची मला खंत वाटते. कॉक्रेनमध्ये विषय नसेल तर दुसरा थांबा पबमेड. तिथे लेखाचा प्रकार निवडण्याच्या चाळणीत पद्धतशीर आढावा हा पर्याय असतो. शिवाय ‘क्लिनिकल क्वेरीज’ नावाचं पान खास डॉक्टरांच्या प्रश्नांसाठी बेतलेलं आहे. तिसरा थांबा मला विशेष मोलाचा वाटतो: चिलेमध्ये सुरू झालेला ‘एपिस्टेमोनिकोस’. अनेक सूच्यांमधले आढावे तो एका जागी आणतोच, पण एकाच प्रश्नावरच्या निरनिराळ्या आढाव्यांत कोणकोणत्या चाचण्या घेतल्या आहेत याचा तक्ताही मांडून दाखवतो. दोन आढावे भांडत असले की भांडण कुठल्या चाचणीवरून आहे ते त्या तक्त्यात दिसतं. यॉर्क विद्यापीठानं २०११ साली सुरू केलेली ‘प्रॉस्पेरो’ ही नोंदवही आणखी वेगळ्या कामाची: आढावा सुरू करण्याआधी त्याचा आराखडा तिथे नोंदवला जातो, त्यामुळे लेखकांनी वाटेत नियम बदलले का हे पडताळता येतं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात ज्याच्या दारासमोर शंभर माणसं रांगेत आहेत, त्यानं हे कधी करायचं? पण याच कारणासाठी आढावा आधी शोधायचा. २०१० साली बास्टियन, ग्लॅस्झिऊ आणि चाल्मर्स यांनी हिशेब मांडला तेव्हा जगात दररोज सुमारे ७५ चाचण्या आणि ११ पद्धतशीर आढावे प्रसिद्ध होत होते. पंचाहत्तर चाचण्या कोणीच वाचू शकत नाही. रांगेतल्या प्रत्येक रुग्णासाठी शोध घ्यावा असं कोणी म्हणतही नाही. दिवसाकाठी मनात अडलेला एक प्रश्न कागदावर टिपून संध्याकाळी तो शोधला, तरी वर्षभरात आपल्या कामातले नेहमीचे बहुतेक उपचार तपासून होतात, कारण दवाखान्यात येणारे आजार पुन्हा पुन्हा तेच असतात.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आढावा हा सर्वांत वरचा पुरावा म्हणता, मग आढावेच परस्परविरोधी निघाले तर? आणि ते निघतात. जॉन आयोअ‍ॅनिडिस यांनी २०१६ साली लिहिलं की १९९१ ते २०१४ या काळात पबमेडमधल्या पद्धतशीर आढाव्यांची संख्या २,७२८ टक्क्यांनी वाढली आणि त्यांतले बरेचसे अनावश्यक, दिशाभूल करणारे किंवा हितसंबंधांनी ग्रासलेले आहेत. कोविडच्या काळात आयव्हरमेक्टिननं याचं उघडं उदाहरण दिलं. मे २०२१ मध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी राज्यातल्या १८ वर्षांवरील सर्वांना हे औषध प्रतिबंधासाठी देण्याचं जाहीर केलं. जूनमध्ये एका अमेरिकी नियतकालिकात पद्धतशीर आढावा आला: २४ चाचण्या, ३,४०६ सहभागी, आणि मृत्यूंत ६२ टक्के घट. जुलैच्या अखेरीस कॉक्रेनचा आढावा आला: १४ चाचण्या, १,६७८ सहभागी, आणि निष्कर्ष असा की औषधाचा उपयोग होतो की नाही हे या पुराव्यावरून सांगता येत नाही. सुमारे सहा आठवड्यांच्या अंतरानं आलेले दोन्ही आढावे स्वतःला ‘पद्धतशीर’च म्हणवत होते.

फरक पडला तो प्रवेशाच्या नियमांमुळे. ज्या चाचण्यांत तुलनेच्या गटाला हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसारखं, ज्याचा स्वतःचाच परिणाम निश्चित नव्हता असं औषध दिलं होतं, त्या कॉक्रेननं बाहेर ठेवल्या. अशा तुलनेत फरक दिसला तर तो एका औषधाच्या गुणाचा की दुसऱ्याच्या अवगुणाचा, हे कळायला मार्ग नसतो. पहिल्या आढाव्यात इजिप्तमधली एक मोठी, नियतकालिकात न छापलेली चाचणी होती आणि तिचं वजन बरंच होतं. तिच्या आकडेवारीवर गंभीर आक्षेप आले आणि जुलै २०२१ मध्ये ती ज्या संकेतस्थळावर ठेवली होती तिथून मागे घेतली गेली. तेव्हा दोन आढावे भांडू लागले की ‘तज्ज्ञांचंच एकमत नाही’ म्हणून हात झटकणं ही चूक आहे. भांडण सोडवता येतं. नियम आधी नोंदवले होते का? शोध कोणत्या तारखेपर्यंतचा आहे? वगळलेल्या चाचण्यांची यादी आणि कारणं दिली आहेत का? प्रत्येक चाचणीतला दोष तपासून निष्कर्षाच्या वजनात धरला आहे का? पैसा कोणाचा? आढाव्यांच्या गुणवत्तेसाठी २०१७ साली तयार झालेली ‘अ‍ॅमस्टार-२’ ही १६ प्रश्नांची कसोटी मुख्यतः हेच विचारते. सोळाही प्रश्न पाठ असायची गरज नाही. मी म्हणेन, तारीख, वगळलेल्यांची यादी आणि दोषांची तपासणी एवढं पाहिलं तरी खूपसा गाळ खाली बसतो.

पण शोध कितीही प्रामाणिक असला तरी जे छापलंच गेलं नाही ते कसं सापडणार? या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही, हे मान्य करायला हवं. एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदलेल्या, नैराश्यावरच्या औषधांच्या ७४ चाचण्यांचा माग काढला. नियामकाच्या मते ३८ चाचण्यांचा निकाल औषधाच्या बाजूनं होता. त्यांतल्या ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ प्रतिकूल किंवा शंकास्पद होत्या. त्यांतल्या २२ छापल्याच गेल्या नाहीत, ११ अशा रीतीनं छापल्या गेल्या की निकाल अनुकूल वाटावा, आणि फक्त ३ प्रतिकूल म्हणून छापल्या. केवळ नियतकालिकं वाचणाऱ्याला जवळजवळ प्रत्येक चाचणी यशस्वी झालेली दिसली असती. प्रत्यक्षात निम्म्याच झाल्या होत्या. यावरून काही जण म्हणतात की मग आढावे निरुपयोगीच. मला उलट वाटतं. लपवलेल्या चाचण्या उघड्या पडल्या त्याच मुळी सगळं शोधण्याच्या हट्टामुळे. सुटा लेख वाचणाऱ्याला न छापलेल्या लेखाची उणीव जाणवायचं कारणच नसतं. भारतात ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषध नियंत्रकांनी चाचणी आधी नोंदवणं सक्तीचं केलं. नोंद झालेली पण निकाल न आलेली चाचणी आता निदान नावानिशी विचारता येते. चांगला आढावा अशा नोंदवह्याही चाळतो. चाळल्या नसतील तर त्याच्या निष्कर्षातून थोडं वजन आपण मनातल्या मनात कमी करावं.

सगळ्यांत अवघड आक्षेप शेवटी घेतला आहे: हे आढावे श्रीमंत देशांतल्या रुग्णांवरचे; ते आपल्याला कसे लागू? उत्तरासाठी पुन्हा त्या सात रेघांकडे जावं लागतं. स्टेरॉइडचा फायदा इतका पक्का दिसत होता की गरीब देशांतल्या खेड्यांपर्यंत तो पोचवणं एवढंच काय ते बाकी आहे असं वाटत होतं. ते पोचवण्याची योजनाच एका चाचणीत तपासली गेली. अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, झांबिया, पाकिस्तान आणि भारत अशा सहा देशांत ती झाली. भारतातली तिची केंद्रं बेळगाव आणि नागपूर. सुमारे एक लाख जन्मांचा हिशेब २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला. सर्वांत लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. आणि सगळ्या बाळांचा मिळून विचार केला तर योजनेच्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे २७.४ नवजात मृत्यू, इतर गावांत २३.९. मातांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही वाढली. ज्या उपचाराचा आढावा कॉक्रेनच्या बोधचिन्हात आहे, त्यानंच इथे जास्त बाळं दगावली असावीत, असं आकडे सांगत होते.

मग आढावा खोटा होता का? नव्हता. तो ज्या प्रश्नाचं उत्तर देत होता तो प्रश्न वेगळा होता. आढाव्यातल्या मातांचे आठवडे बऱ्यापैकी खात्रीनं माहीत होते आणि बाळ जन्मल्यावर त्याची काळजी घ्यायला रुग्णालय होतं. खेड्यात पाळीची तारीख आठवत नाही, सोनोग्राफी झालेली नसते. इंजेक्शन मिळालेल्या बहुसंख्य मातांची बाळं तितकी लहान नव्हतीच, म्हणजे त्यांना फायदा होण्याजोगं काही नव्हतं, आणि तोटा मात्र होऊ शकत होता. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं प्रश्न पुन्हा घडवला. बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तानातल्या २९ रुग्णालयांत २,८५२ माता घेतल्या, आठवडे सोनोग्राफीनं ठरवले, सव्वीस आठवडे पूर्ण झालेल्या पण चौतीस न झालेल्याच माता निवडल्या. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीआधी थांबवली: नवजात मृत्यू डेक्सामेथासोनच्या गटात १९.६ टक्के, दुसऱ्या गटात २३.५ टक्के. हे २०२० साली प्रसिद्ध झालं, आणि त्याच वर्षी कॉक्रेनचा आढावा सुधारला गेला. त्यात २० देशांतल्या २७ चाचण्या आणि ११,२७२ माता आहेत, आणि तुटपुंज्या साधनांच्या देशांतल्या चाचण्यांचा वाटा आता मोठा आहे. २०१६ साली सापडलेला आढावा आणि २०२० नंतर सापडलेला आढावा, नाव एकच असूनही, नागपूरच्या डॉक्टरसाठी सारखे नाहीत. ‘आपल्याला लागू आहे का’ हा आक्षेप आढाव्याविरुद्धचा नाही. तो आढावा उघडल्यावर विचारायचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आढाव्यातल्या चाचण्यांच्या तक्त्यात, रुग्ण कोण आणि कुठले या रकान्यात असतं.

तरीही काही प्रश्नांवर शोध जवळजवळ रिकामा परततो, आणि ते बहुधा गरीब माणसांच्या आजारांचे असतात. कोकणातला लाल विंचू घ्या. रायगड जिल्ह्यातल्या महाडमध्ये हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकापासून या दंशावर प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध वापरून दाखवलं. पुढे बावस्कर दाम्पत्यानं ७० रुग्णांवर यादृच्छिक चाचणी केली. २०११ साली ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. प्रॅझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलेल्या रुग्णांपैकी सुमारे ९१ टक्के दहा तासांत बरे झाले, नुसतं प्रॅझोसिन दिलेल्यांपैकी सुमारे २३ टक्के. आता ‘विंचूदंश’ एवढाच शब्द टाकून शोधलं, तर याच्या शेजारी अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाची, १५ मुलांवरची, २००९ सालची चाचणी येऊन बसते. तो विंचू वेगळ्या जातीचा, त्याचं विष वेगळं, प्रतिविषही वेगळं. दोन्हींचे आकडे एकत्र करण्यात काही अर्थ नाही. इथे शोधाचा शब्द विंचवाच्या जातीपर्यंत नेमका करावा लागतो, आणि तसा केला की हाती येणाऱ्या चाचण्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरतात. महाडजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला त्यांच्यावरच निर्णय घ्यायचा आहे. सत्तर रुग्णांची ही रेघ किती लांब आहे हे त्यानं नीट पाहायचं, चाचणीत कोणता उपचार चालू आहे हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही माहीत होतं हे ध्यानात ठेवायचं, आणि दर उन्हाळ्याआधी चाचण्यांच्या नोंदवहीत त्या जातीचं नाव टाकून बघायचं, तिच्या शेजारी आणखी एखादी रेघ उमटली आहे का.